लग्नाची ४के फाइल, हॉलमधला जुना टीव्ही आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्स: घरच्या सर्व्हरवर ट्रान्सकोडिंग कसं बसवावं

घरात साठणारे व्हिडिओ आता एका जातीचे राहिलेले नाहीत. लग्नाच्या फोटोग्राफरने हार्ड डिस्कवर दिलेलं ४के फुटेज असतं, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत आयफोनवर घेतलेली नंदीध्वजांच्या मिरवणुकीची एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त मोठा पल्ला टिपणारी) क्लिप असते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बारशाची डीव्हीडीही असते. बघणारी साधनंही तितकीच वेगवेगळी: हॉलमधला जुना टीव्ही, आईचा फोन, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा लॅपटॉप. प्रत्येक फाइल प्रत्येक साधनाला झेपत नाही, म्हणून सर्व्हरला ती चालता चालता दुसऱ्या रूपात बदलून द्यावी लागते. हेच ट्रान्सकोडिंग.

हे काम प्रोसेसरच्या कोअरवर टाकलं की चार कोअरचं साधं मशीनही ४के एचईव्हीसी (एच.२६५, व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) फाइलपुढे हात टेकतं. पंखा जोरात फिरतो आणि चित्र मात्र थांबत थांबत येतं. यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायची गरज नाही. इंटेलने २०११ पासून, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरपासून, व्हिडिओ उलगडायला (डिकोड) आणि बांधायला (एनकोड) चिपमध्येच एक वेगळा भाग दिलेला आहे: क्विक सिंक. बहुतेकांच्या मशीनमध्ये तो नुसता पडून असतो. त्याला कामाला लावायचं आणि तो खरोखर काम करतोय याची खात्री करायची, एवढंच इथे बघू. उदाहरण जेलीफिन या घरच्या व्हिडिओ सर्व्हरच्या प्रोग्रॅमचं घेतलं आहे, कारण त्यात हार्डवेअर ट्रान्सकोडिंग फुकट मिळतं. प्लेक्स या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी पैसे भरून प्लेक्स पास घ्यावा लागतो.

आधी ट्रान्सकोडिंग टाळता येतं का ते बघा

सर्वात चांगलं ट्रान्सकोडिंग म्हणजे जे करावंच लागत नाही ते. टीव्ही फाइल आहे तशी चालवू शकला तर सर्व्हर फक्त ती पाठवतो आणि दर्जा काडीचाही कमी होत नाही. जेलीफिनच्या डॅशबोर्डवर चालू व्हिडिओच्या चौकटीत माहितीचं चिन्ह असतं, त्यात ट्रान्सकोड का होतंय याचं कारण दिसतं. ते वाचायची सवय लावा. पुष्कळदा दुखणं चित्राचं नसतंच. आवाज डीटीएस या प्रकारचा असतो आणि टीव्ही तो घेत नाही (सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हीतून डीटीएस काढलं आहे). अशा वेळी फक्त आवाज बदलला जातो. ते काम हलकं असतं आणि प्रोसेसर ते सहज करतो, त्यासाठी ग्राफिक्सकडे बघायलाही नको.

सबटायटलचं मात्र उलट आहे. एसआरटी ही नुसती अक्षरं असतात, ती टीव्ही स्वतः दाखवतो. ब्लू-रेवरून आलेली पीजीएस किंवा डीव्हीडीची सबटायटल म्हणजे चित्रं. टीव्हीला ती दाखवता आली नाहीत तर सर्व्हर ती प्रत्येक फ्रेमवर छापत बसतो, म्हणजे अख्खा व्हिडिओ नव्याने बांधतो. एरवी सरळ चालणारी फाइल सबटायटल लावताच अडखळू लागली तर कारण बहुधा हेच. त्याच व्हिडिओची एसआरटी फाइल शेजारी ठेवली की प्रश्न मिटतो.

कोणता प्रोसेसर पुरेल

नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, या कामाला बाद. त्यात ग्राफिक्सच नसतं. बाकीच्यांत पिढी बघायची. सहाव्या पिढीला ८-बिट एचईव्हीसी येतं पण १०-बिट (रंगाच्या जास्त बारीक छटांचं) नीट येत नाही, आणि आजचं एचडीआर सगळं १०-बिटच आहे. म्हणून सातवी पिढी ही खालची रेघ धरा: तिथून १०-बिट एचईव्हीसी उलगडणं आणि बांधणं, दोन्ही हार्डवेअरवर होतं. एव्ही१ ही एचईव्हीसीहून नवी पद्धत उलगडायला अकरावी पिढी लागते. एव्ही१ बांधणं त्याच्याही पुढच्या चिपमध्ये आलं, पण घरच्या वापरात त्यावाचून काही अडत नाही.

दोन पर्याय व्यवहाराचे आहेत. एक, कंपन्यांमधून निघालेले आठव्या पिढीचे छोटे डेस्कटॉप: डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो, एचपी एलिटडेस्क ८०० जी४ मिनी, लेनोव्हो थिंकसेंटर एम७२०क्यू. सोलापुरात नवी पेठेतल्या किंवा पुण्यातल्या जुन्या संगणकांच्या दुकानात विचारताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारा. ‘आय५ आहे’ एवढ्यावर घेऊ नका, चौथ्या पिढीचाही आय५च असतो. दुसरा पर्याय एन१०० चा मिनी पीसी. ही चिप जानेवारी २०२३ मधली, ६ वॅटची, आणि एव्ही१ उलगडते. घरापुरते दोन-तीन प्रवाह ती एका वेळी निभावते.

नवीन डेस्कटॉपच जुळवत असाल तर एक बारकावा: आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० आहे, आय५-१२५०० मध्ये यूएचडी ७७०. नावात फारसा फरक नसला तरी ७७० मध्ये व्हिडिओचं इंजिन दुहेरी आहे. एका वेळी चार-पाच जण बघणार असतील तरच तो फरक जाणवेल.

रॅम ८ जीबी पुरते, १६ असली तर उत्तम. हे ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, मशीनचीच रॅम वापरतं, म्हणून दोन खाचा असतील तर एक ८ ची कांडी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा. एन१०० ला मुळात एकच चॅनल आहे, तिथे हा प्रश्न येत नाही.

बसवणं

लिनक्स वापरा, डेबियन १२ किंवा उबंटू २४.०४. दोन्हींचा कर्नल एन१०० ओळखण्याइतका नवा आहे. खाली फाइलींची आणि कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची, ‘रेंडरडी१२८’ मधला शेवटचा डी तेवढा कॅपिटल.

मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्डही असेल तर बायोस आतलं ग्राफिक्स आपोआप बंद ठेवतो. बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा ‘इंटर्नल ग्राफिक्स’ असा पर्याय असतो, तो चालू करा. मग लिनक्समध्ये ‘डेव्ह’ खालच्या ‘डीआरआय’ फोल्डरची यादी काढा. तिथे ‘कार्ड०’ किंवा ‘कार्ड१’, आणि सोबत ‘रेंडरडी१२८’ दिसलं पाहिजे. दुसरं दिसत नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाही. पुढे जाऊन उपयोग नाही, कर्नल आणि फर्मवेअर आधी अद्ययावत करा.

जेलीफिन त्याच्या अधिकृत पॅकेज-स्रोतातून घ्या. त्याच्यासोबत ‘जेलीफिन-एफएफएमपेग’ (प्रत्यक्ष ट्रान्सकोड करणारा प्रोग्रॅम) येतं आणि त्यात इंटेलचा ‘आयएचडी’ ड्रायव्हर आधीच बांधलेला असतो. वितरणातला साधा एफएफएमपेग त्याच्या जागी लावू नका. टोन मॅपिंगसाठी (एचडीआरचे रंग साध्या टीव्हीजोगे करण्यासाठी) केलेले बदल त्यात नसतात, आणि निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

आता परवानगी. ‘रेंडरडी१२८’ ही फाइल ‘रेंडर’ गटाच्या मालकीची असते आणि जेलीफिन स्वतःच्या नावाच्या वापरकर्त्याखाली चालतं. ‘युजरमॉड’ने त्या वापरकर्त्याला ‘रेंडर’ गटात घाला आणि सेवा पुन्हा सुरू करा. कमांडमध्ये ‘-एजी’ हा पर्याय लागतो: त्यातला ‘जी’ कॅपिटल, आणि लहान ‘ए’ विसरू नका. तो नसला तर वापरकर्ता आधीच्या सगळ्या जोड-गटांतून बाहेर पडतो.

डॉकर वापरत असाल तर दोन गोष्टी लागतात आणि लोक दुसरी विसरतात. कंपोज फाइलच्या ‘डिव्हायसेस’मध्ये ‘डेव्ह/डीआरआय’ आत द्यायचं, हे पहिलं. ‘ग्रुप अ‍ॅड’मध्ये ‘रेंडर’ गटाचा क्रमांक लिहायचा, हे दुसरं. इथे नाव चालत नाही, क्रमांकच हवा, आणि तोही कंटेनरमधला नव्हे, बाहेरच्या मूळ मशीनवरचा. ‘गेटएंट ग्रुप रेंडर’ ही कमांड तो सांगते. प्रत्येक मशीनवर तो वेगळा असू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या कंपोज फाइलमधला आकडा उचलू नका.

एचडीआरचे रंग साध्या टीव्हीसाठी बदलायला ओपनसीएल (ग्राफिक्सवर गणितं चालवायची सोय) लागतं. डेबियन-उबंटूवर ‘इंटेल-ओपनसीएल-आयसीडी’ हे पॅकेज वेगळं बसवा. जेलीफिनच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये ते आत असतं.

जेलीफिनमध्ये डॅशबोर्ड, मग प्लेबॅक, मग ट्रान्सकोडिंग. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनमध्ये ‘इंटेल क्विकसिंक’ निवडा. खाली कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ साठवायच्या पद्धतींच्या, चौकटी येतात. सगळ्यांवर टिचकी मारायचा मोह आवरा: चिपला जे येत नाही त्यावर टिक केली तर जेलीफिन ते हार्डवेअरकडे पाठवतं, तिथे ते फसतं आणि व्हिडिओ सुरूच होत नाही. सातव्या ते दहाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिपवर एच.२६४, एचईव्हीसी, १०-बिट एचईव्हीसी, एमपेग-२ आणि व्हीपी९ वर टिक करा, एव्ही१ सोडा. एन१०० वर एव्ही१ही घ्या.

‘हार्डवेअर एनकोडिंग’ चालू. ‘टोन मॅपिंग’ चालू. ते बंद राहिलं तर एचडीआर क्लिप साध्या टीव्हीवर धुतलेल्या कपड्यासारखी फिकट दिसते. शेजारी ‘व्हीपीपी टोन मॅपिंग’ म्हणून अजून एक पर्याय आहे. तो हलका आहे, पण फक्त एचडीआर१० पुरता. आयफोनची क्लिप एचएलजी आणि डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या दुसऱ्या प्रकारांची असते, तिच्यासाठी ओपनसीएलचं साधं टोन मॅपिंगच लागतं. दोन्ही चालू ठेवलं तरी चालतं.

‘लो-पॉवर एनकोडर’ची चौकट मात्र समजून मगच चालू करा. एन५०९५, एन५१०५ असल्या जास्पर लेक चिपवर तिची गरज पडते, आणि तिच्यासाठी ‘एचयूसी’ फर्मवेअर चढलेलं लागतं. त्यासाठी इंटेल ग्राफिक्सच्या आय९१५ ड्रायव्हरला ‘एनेबल_जीयूसी’ची किंमत २ द्यावी लागते, ‘इनिटरॅमएफएस’ (मशीन सुरू होताना आधी चढणारी फाइल) पुन्हा बांधावी लागते आणि मशीन रिस्टार्ट करावं लागतं. फर्मवेअर न चढवता नुसती टिक केली की प्रत्येक ट्रान्सकोड पहिल्या सेकंदात मरतो.

खरंच हार्डवेअरवर चाललंय का?

टिक केली म्हणजे झालं असं नाही. ‘इंटेल-जीपीयू-टूल्स’ पॅकेज बसवा आणि रूटच्या अधिकाराने ‘इंटेल_जीपीयू_टॉप’ चालवा. आता फोनवर एक ४के व्हिडिओ लावा आणि दर्जाच्या यादीतून मुद्दाम १०८०पी, ८ एमबीपीएस असं काहीतरी निवडा, म्हणजे ट्रान्सकोड करणं भागच पडेल. पडद्यावर चार पट्ट्या असतात. ‘व्हिडिओ’ची पट्टी हलली म्हणजे उलगडणं-बांधणं तिथे चाललंय. ‘व्हिडिओएन्हान्स’ आकार लहान करण्याचं आणि डीइंटरलेसिंगचं काम दाखवते. ‘रेंडर/३डी’ वर गेली तर बहुधा ओपनसीएलचं टोन मॅपिंग सुरू आहे. चारही पट्ट्या शून्यावर आणि ‘एचटॉप’मध्ये एफएफएमपेग सगळे कोअर खातोय, असं दिसलं तर सगळा भार प्रोसेसरवर आहे.

पुढचा पुरावा लॉगमध्ये. जेलीफिन प्रत्येक ट्रान्सकोडची वेगळी फाइल लिहितं, नाव ‘एफएफएमपेग.ट्रान्सकोड’ने सुरू होतं. त्यात ‘स्ट्रीम मॅपिंग’ची ओळ शोधा. बाणाच्या उजवीकडे ‘एच२६४_क्यूएसव्ही’ असेल तर बांधणं हार्डवेअरवर आहे. ‘लिबएक्स२६४’ असेल तर प्रोसेसरवर. बाणाच्या डावीकडे मात्र पुष्कळांची फसगत होते. तिथे ‘नेटिव्ह’ दिसलं की वाटतं, उलगडणं सॉफ्टवेअरवर चाललंय. लिनक्सवर जेलीफिन सहसा व्हीए-एपीआयचा (लिनक्समधली हार्डवेअरवर व्हिडिओ उलगडायची सोय) डिकोडर वापरतं आणि तो लॉगमध्ये ‘नेटिव्ह’ म्हणूनच नोंदला जातो. म्हणून वरची पूर्ण कमांड वाचा. तिच्यात इनपुट फाइलच्या आधी ‘एचडब्ल्यूअ‍ॅक्सेल व्हीएएपीआय’ असेल तर उलगडणंही हार्डवेअरवरच आहे.

शेवटी ‘स्पीड’चा आकडा. तो सतत १ पेक्षा वर हवा. ०.८ असेल तर एका सेकंदाचं चित्र बनवायला सव्वा सेकंद लागतोय, म्हणजे थोड्या वेळाने चाक फिरत बसणार.

लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ आलं तर गटाची गडबड आहे. ‘एमएफएक्स सेशन’ तयार होत नाही आणि मागे उणे ९ असा आकडा दिसला तर क्विक सिंकची रनटाइम लायब्ररी सापडलेली नाही. बहुतेक वेळा चुकीचा एफएफएमपेग लागलेला असतो.

लग्नाच्या फाइली: इथे क्विक सिंकही थांबतो

एडिट करून दिलेली अंतिम फिल्म बहुधा ८-बिट, ४:२:० अशी साधी एच.२६४ असते. तिची काळजी नको. पण आजकाल लोक कच्चं फुटेजही मागून घेतात, आणि ते पुष्कळदा १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती ४:२:० पेक्षा जास्त ठेवणारं) असतं. सोनीच्या कॅमेऱ्यात हे दोन प्रकारे साठतं. ‘एक्सएव्हीसी एचएस’ म्हणजे आत एचईव्हीसी. बाराव्या पिढीच्या आणि एन१०० सारख्या चिप ते हार्डवेअरवर उलगडतात (जेलीफिनमध्ये ‘एचईव्हीसी आरएक्सटी’ची टिक लागते). ‘एक्सएव्हीसी एस’ म्हणजे आत एच.२६४, आणि १०-बिट ४:२:२ एच.२६४ उलगडणं इथे सांगितलेल्या एकाही चिपच्या क्विक सिंकला येत नाही. टीव्हीलाही येत नाही. मग प्रोसेसर एकट्याने झुंजतो आणि घरचे म्हणतात सर्व्हर बिघडला.

फाइल मीडियाइन्फो या प्रोग्रॅममध्ये उघडा. ‘फॉरमॅट प्रोफाइल’समोर ‘हाय ४:२:२’ आणि ‘बिट डेप्थ’समोर १० दिसलं की ती याच जातीची.

तिचं उत्तर चालता चालता ट्रान्सकोड करणं हे नाही. एकदाच, रात्री, नीट रूपांतर करून ठेवा. हँडब्रेकमध्ये व्हिडिओ एनकोडर ‘एच.२६५ १०-बिट, इंटेल क्यूएसव्ही’ निवडा, दर्जा २० ते २२ च्या दरम्यान, फ्रेमरेट मूळचाच, आवाज एएसी. उलगडणं प्रोसेसरवर होईल, पण बांधणं क्विक सिंकवर, आणि आता घाई कुणालाच नाही. हे फुटेज १०० एमबीपीएसचं असेल तर एका तासाला ४५ जीबी खातं. २५ एमबीपीएसवर आणलं की सव्वाअकरा जीबी. मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर ठेवा, पुसू नका. लग्न काही पुन्हा चित्रित होत नाही.

बिटरेट कमी करण्याचं अजून एक कारण आहे, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक टीव्हींना मागे जे लॅनचं छिद्र असतं ते १०० एमबीपीएसचंच असतं, राउटर गिगाबिट असला तरी. १०० एमबीपीएसची फाइल त्यातून मावत नाही, ट्रान्सकोडिंग नसतानाही अडखळते. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय केबलपेक्षा बरं चालतं.

जुन्या डीव्हीडी मेकएमकेव्हीने एमकेव्हीत घ्या, दर्जा जसाच्या तसा राहतो. त्यातलं चित्र ७२० बाय ५७६ चं आणि इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी साठवलेलं) असतं. हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर डीइंटरलेसिंग झालेलं नाही. दर्जा मुद्दाम कमी निवडून ट्रान्सकोड करायला लावलं की जेलीफिन ते करतं.

ऊन, तंतू आणि वीज

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ ला जातो, आणि बंद टीव्ही-कपाटात त्याहून वर. चिप तापली की स्वतःचा वेग उतरवते, आणि संध्याकाळी चालणारा व्हिडिओ दुपारी अडखळतो. ‘सेन्सर्स’ कमांडने तापमान बघा. ट्रान्सकोड चालू असताना सतत ९० च्या पुढे असेल तर जागा बदला. इथे बिनपंख्याचा मिनी पीसी घेऊ नये असं स्पष्ट मत आहे. थोडा आवाज करणारा पंखा परवडला. हार्ड डिस्कची वरची मर्यादा साधारण ६० अंशांची असते, ती ५० च्या आत ठेवा. डेझर्ट कूलरच्या थेट झोतात मशीन ठेवणं हाही उपाय नाही, ती हवा ओली असते.

पूर्व भागात घराखाली किंवा शेजारी माग चालत असतील तर सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. महिन्यातून एकदा मशीन बंद करून मऊ ब्रशने जाळी साफ करा, फुंकणीने हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरवर मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं. ते ‘यूपीएस’वर ठेवा, नाहीतर वीज जाताना बदलाला वेळ लागतो आणि सर्व्हर रिस्टार्ट होतो. राउटरही त्याच लाइनवर हवा. बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू’ हा पर्याय लावा. विजेचं बिल किरकोळ आहे: सरासरी १० वॅट खाणारं मशीन चोवीस तास चालून महिन्याला ७ युनिटच्या आसपास जातं.

पुण्यातून बघणाऱ्यांसाठी

इथे अडतं ते तुमच्या घरच्या अपलोड वेगावर. आधी तो मोजा. ४० एमबीपीएस असेल आणि तिघं एका वेळी बघणार असतील तर प्रत्येकाला १० द्या, उरलेले घरच्या बाकी कामाला. जेलीफिनमध्ये प्रत्येक वापरकर्त्याच्या पानावर ‘इंटरनेट स्ट्रीमिंग बिटरेट लिमिट’ असते, तिथे १० लिहा. मग बाहेरून आलेली मोठी फाइलची मागणी आपोआप ट्रान्सकोड होते, घरातल्या टीव्हीला मात्र मूळ फाइलच मिळते. ‘एचईव्हीसीमध्ये एनकोड करू द्या’ ही टिक केली तर तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र जास्त स्वच्छ येतं. बघणाऱ्याचा फोन एचईव्हीसी घेणारा हवा, नाहीतर जेलीफिन एच.२६४ च देतं.

पुष्कळ फायबर जोडण्यांवर स्वतःचा सार्वजनिक आयपी मिळत नाही, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोहोचत नाही. टेलस्केल (आपल्या साधनांचं खाजगी जाळं बांधणारा प्रोग्रॅम) सर्व्हरवर आणि फोनवर बसवलं की हा अडसर जातो आणि ८०९६ हे पोर्ट इंटरनेटवर उघडंही टाकावं लागत नाही. एक काळजी घ्या: टेलस्केलवरून येणारा पत्ता १०० ने सुरू होतो. जेलीफिनच्या नेटवर्क पानावरच्या ‘लॅन नेटवर्क्स’च्या यादीत तो पट्टा घालू नका, आणि तिथे तुमच्या घरच्या राउटरचाच पट्टा लिहा. १०० चा पट्टा घातला तर पुण्याचा फोन घरातलाच समजला जातो, बिटरेटची मर्यादा लागत नाही आणि ४के फाइल सरळ अपलोडवर आदळते.